घासून घासून जुनं झालेलं

मैत्रिणीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती, आईसुद्धा माझ्यासोबत आली होती. दारातून आत शिरल्या शिरल्या उजव्या हाताला एक मोठं पितळी घंगाळ ठेवलेलं, दोन्ही बाजूंना कड्या, आत पाणी, पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या आणि तरंगते दिवे. घंगाळ काळपट होतं. पार काळं नाही, नक्षीच्या खोबणीत काळं, काठाला तपकिरी आणि फुगीर भागावर मधूनच सोनेरी झाक. दिसत छानच होतं, येणारा प्रत्येक जण तिथे क्षणभर थांबत होता, फोटो काढत होता. आईही थांबली. तिने काठावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, आणि नंतर स्वयंपाकघरात मैत्रिणीला गाठून, चारचौघांत नको म्हणून अगदी हळू म्हणाली, "अगं, चिंच आहे का घरात? ते घंगाळ फार काळं पडलंय. तुझी धावपळ चाललीय, मी देते घासून, काही वेळ लागत नाही." मैत्रीण म्हणाली, "काकू, नको नको, ते तसंच आहे. अँटिक फिनिश आहे ते, त्याचेच तर जास्त पैसे घेतले." आई "असं होय" म्हणाली आणि पानं वाढायला लागली. मला वाटलं विषय संपला. पण परतताना गाडीत तिने विचारलं, "ते नवंच आहे ना पण?" म्हटलं हो. "मग काळं कशाला केलं?" म्हटलं, जुनं दिसावं म्हणून. त्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आपल्याकडची भांडी जुनीच आहेत की. ती कुठे काळी आहेत?"

या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तो तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

कऱ्हाडच्या घरात आजीच्या लग्नातली भांडी अजून आहेत, सगळी नाहीत, काही. एक तपेलं, दोन ताम्हनं, एक कळशी, पाणी तापवायचा तांब्याचा बंब. तपेल्यावर आजीच्या माहेरचं नाव घातलंय, ठिपक्या-ठिपक्यांनी, आणि खाली सन. सनातला शेवटचा आकडा आता वाचता येत नाही, १९३ पर्यंत दिसतं आणि पुढे नुसता एक खडबडीतपणा बोटाला लागतो. नाव काळाच्या ओघात वगैरे पुसलं गेलेलं नाही, ते आजीने, मग आईने, मग भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी घासून घासून पुसलंय. चिंच लावली की वरचा काळा थर निघतो आणि त्याबरोबर अगदी नावापुरता का होईना, धातूही निघतो, मग वर राख नाहीतर विटकरीची पूड नाहीतर रांगोळी, आणि असं वर्षानुवर्षं. त्यामुळे ते तपेलं काठाला इतकं पातळ झालंय की उचलताना दर वेळी ते आठवणीपेक्षा हलकं लागतं. बुडाला एकदा डाग दिलेला आहे. आत कल्हईचा पांढरा थर, तोही मधे मधे विरळ झालेला, खालचं पितळ दिसायला लागलं की आई आंबट पदार्थ त्यात करायचं बंद करायची आणि कल्हईवाल्याची वाट बघायची. तो अंगणात खड्डा करून भाता लावायचा, भांडं तापलं की नवसागराची चिमूट टाकायचा, भसकन पांढरा धूर, नाकाला झोंबणारा, आणि मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एका फिरकीत आतून सगळं चंदेरी करून टाकायचा. आम्ही पोरं तोंडावर हात धरून तिथेच उभी राहायचो. म्हणजे त्या तपेल्याचं वय दिसतं, अगदी स्पष्ट दिसतं, पण ते काळेपणात दिसत नाही. पातळ काठात दिसतं, डागात दिसतं, गुळगुळीत झालेल्या नावात दिसतं. दिवाळीला ते सगळं घासून ओळीने उन्हात मांडलं की डोळ्यांना त्रास व्हावा इतकं चकाकतं.

आणि बाजारातलं नवं घंगाळ काळं.

हे काळं कसं करतात ते मी मग शोधत बसले. भांडं ओतून किंवा ठोकून तयार झालं की आधी ते पॉलिश करतात, म्हणजे सुरुवातीला ते लखलखीतच असतं. मग रसायनात बुडवतात नाहीतर ब्रशने रसायन लावतात, कधी अमोनियाच्या वाफेत ठेवतात, हिरवट झाक हवी असेल तर मीठ आणि व्हिनेगरसुद्धा चालतं. सगळं काळं-तपकिरी झालं की उंचवट्यांवरून हलकेच बफ फिरवायचा म्हणजे फुगीर जागा उजळतात आणि खोबणीत काळं राहतं, आणि मग ते तसंच टिकावं म्हणून वरून मेण किंवा लॅकर. म्हणून आईच्या बोटाला काही लागलं नाही. चांदीचंही तेच, ऑक्सिडाइज्ड म्हणून जे दागिने मिळतात त्यांत गंधकाच्या संयुगाने चांदी काळी केलेली असते, आपल्या पैंजणांना घामाने आणि हवेने जे होतं आणि जे आपण टूथपावडर लावून पुसत बसतो, तेच मुद्दाम. लाकडाला तर काय काय करतात. जोधपूरकडे आंब्याच्या लाकडाचं नवं कपाट करायचं, त्यावर साखळ्या आपटायच्या, तारेच्या ब्रशने रेषा उठवायच्या, एक रंग द्यायचा, त्यावर जागोजागी मेण घासायचं, वर दुसरा रंग द्यायचा आणि मग सँडपेपर मारायचा, मेण होतं तिथला वरचा रंग निघून येतो आणि खालचा डोकावतो. ड्रिलने बारीक भोकं पाडली की कीड लागून गेल्याचा भास. मी ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात असं एक निळं कपाट पाहिलंय, त्याच्या दारावरून हात फिरवलाय, आणि खरं सांगायचं तर मला ते घ्यावंसं वाटलं होतं. अजूनही वाटतं.

यातली एक गोष्ट मला फार विचित्र वाटते. आपल्याकडे १९७२ चा कायदा आहे, शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, भांडं, कोरीव खांब असं काहीही खासगी व्यापाऱ्याला देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे परदेशी पाठवायची वस्तू पुरातन दिसत असेल आणि कस्टमला शंका आली तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरातन नाही असं सर्टिफिकेट आणावं लागतं. म्हणजे एका बाजूला कारागीर ती जुनी दिसावी म्हणून राबलाय, गिऱ्हाईक ती जुनी दिसते म्हणून पैसे मोजतंय, आणि मधल्या टेबलावर कागद आहे की ही वस्तू जुनी नाही बरं का. तिघांनाही खरं माहीत आहे. पूर्वी नकली जुनेपणा हा फसवण्याचा धंदा होता. मायकेलअँजेलोने तरुणपणी झोपलेल्या मदनाची एक मूर्ती केली होती, ती मातीत पुरून वगैरे जुनी भासवली गेली आणि १४९६ साली एका कार्डिनलला, म्हणजे बड्या ख्रिस्ती धर्मगुरूला, प्राचीन रोमन म्हणून विकली गेली. त्याला कळल्यावर त्याने दलालाकडून पैसे परत घेतले, आणि मूर्तिकाराला मात्र रोमला बोलावून घेतलं. तिथे निदान कुणीतरी फसलं होतं. आता कुणीच फसत नाही आणि तरी आपण विकत घेतो, तेव्हा आपल्याला त्या वस्तूकडून वय नकोच असणार, दुसरं काहीतरी हवं असणार.

लग्नपत्रिकांचं बघा. हल्ली शिवकालीन खलित्याच्या पत्रिका निघतात, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागद, कडा मेणबत्तीवर जाळलेल्या, मोडीच्या वळणाचा फाँट, गुंडाळी आणि लाल गोंडा. अशी पत्रिका हातात आली की छान वाटतं, मी एक जपून पण ठेवलीय. पण पुण्यात पुराभिलेखागारात, ज्याला अजूनही सगळे पेशवे दफ्तर म्हणतात, तिथले रुमाल, म्हणजे कागदपत्रांची कापडी गाठोडी, सोडलेले बघायची संधी मिळाली होती तेव्हा मी चाट पडले होते. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद, आणि तो पिवळा नव्हता. फिक्या सायीच्या रंगाचा, घडी उलगडताना आवाज करणारा, चिवट. कसर लागून भोकं पडलेली होती काही ठिकाणी, एका कोपऱ्यात पाण्याचा डाग पसरलेला, पण शाई काळीभोर. ती काजळाची शाई, काजळ म्हणजे कार्बन, त्याला उन्हाने-हवेने काही होत नाही. आणि कागद जुन्नरकडच्या हातकागदासारखा, चिंध्या-ताग कुटून केलेला. जो कागद पिवळा पडतो आणि चुरतो तो लाकडाच्या लगद्याचा, गिरणीतला, म्हणजे आपल्या आजोबांच्या वेळची वर्तमानपत्रं. म्हणजे शिवकालीन म्हणून आपण जो रंग देतो तो खरं तर १९५० च्या पेपराचा रंग आहे. आणि जाळलेल्या कडा कुठून आल्या कुणास ठाऊक, कारकुनांनी दफ्तर आगीपासून जिवापाड जपलं म्हणून तर ते आज आहे.

आईच्या प्रश्नाला हे उत्तर मला हळूहळू सुचत गेलं. जे आपण मुद्दाम जुनं करतो ना, त्यात आपण टाकून दिलेल्या वस्तूचं रूप उतरवतो. माळ्यावर पडलेली, पावसात भिजलेली, कुणी विचारलं नाही अशी. वापरातली जुनी वस्तू वेगळी दिसते, तिला रोज कुणीतरी हात लावलेला असतो. जात्याचा खुंटा बघा, पकडायच्या जागी कसा तुळतुळीत होतो. घराचा उंबरठा मधेच झिजतो, कडेला नाही. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून परत खरखरीत करून घेतात, म्हणजे त्याचं तर वय दर काही वर्षांनी पुसलंच जातं, फक्त तो जरा खोलगट होत जातो. झीज जिथे हात पोचतो तिथेच होते.

पण असं सगळं मांडून मी मैत्रिणीवर निकाल दिला असता तर ते फार चुकीचं झालं असतं. नंतर एकदा तिच्याकडे निवांत गेले होते, तेव्हा मी त्या घंगाळाबद्दल सहज विचारलं. ती म्हणाली, आमच्या आजीकडे अगदी असंच होतं, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला त्यातून पाणी घ्यायचो आम्ही, उटणं लावून कुडकुडत बसलेलो असायचो आणि आजी त्यात हात घालून पाणी किती कढत आहे ते बघायची. मग काकांनी स्टीलची भांडी आणली आणि सगळं पितळ मोडीत दिलं. किलोवर. आईला विचारलं पण नाही, मैत्रीण सांगत होती. मला ते एकदम आठवलं, कारण हे घराघरांत झालंय. सत्तर-ऐंशीच्या दशकांत स्टील आलं, हलकं, स्वस्त होत गेलेलं, कल्हई नको, चिंच नको, काही ठेवलं तरी कळकत नाही, आणि बायकांच्या हाताला खरंच आराम मिळाला, त्यात वाईट काही नव्हतं. कासाराच्या दुकानात हंडे-कळश्या तराजूत गेल्या आणि त्या पैशात डब्यांचे सेट आले. आज जी पिढी फ्लॅट सजवतीय तिने ती भांडी लहानपणी पाहिलीत आणि तिच्या वाट्याला ती आलेली नाहीत. मैत्रीण घंगाळाकडे बघते तेव्हा तिला आजीचा पाण्यात घातलेला हात दिसतो. तो नकली आहे असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आणि ज्यांच्या घरात पितळ कधी नव्हतंच, जर्मलच्या थाळीत जेवून जी माणसं शिकली आणि वर आली, त्यांनी कुठलं खरं जुनं आणायचं? वारसा म्हणून वस्तू मिळणं हे सगळ्यांच्या नशिबी नसतं. एखाद्याला आपल्या घरात एक जुनं दिसणारं लाकडी कपाट असावं वाटलं, भिंतीला जरा टेका मिळाल्यागत वाटलं, तर त्याला मी कधीच हसणार नाही.

शिवाय एक साधी गोष्ट आहे, नव्या वस्तूची भीती वाटते. नव्या डायनिंग टेबलावर गरम कुकर ठेवला की घरातली सगळी ओरडतात. आधीच ओरखडे असलेल्या टेबलावर पोरं गृहपाठ करतात, पेन उमटतं, कुणी काही म्हणत नाही. पहिला ओरखडा कारखान्याने काढून दिला म्हणून घर मोकळं होतं, याचं मला अप्रूप वाटतं.

आणि सगळेच लोक हे काम गबाळेपणाने करत नाहीत हेही बघायला हवं. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांमध्ये रेलिक म्हणून प्रकार आहे, फेंडर या गिटार कंपनीच्या कस्टम शॉपने १९९५ च्या सुमाराला तो बाजारात आणला, नवीन गिटार पण तीस-चाळीस वर्षं वाजवल्याची झीज केलेली. माझ्या भाच्याच्या मित्राकडे एक आहे, म्हणून मी जवळून पाहिली. वाजवताना उजवा हात जिथे लाकडावर टेकतो बरोबर तिथलाच रंग उडवलेला. पाठीमागे पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे, गळ्यावर पहिल्या काही पट्ट्यांपाशी घामट काळपटपणा, कारण जास्त वाजवणं तिथेच होतं. ज्याने हे केलं त्याने वाजवणाऱ्या माणसाचं अंग नीट बघितलंय, कुठे घाम येतो, कुठे कोपर घासतं, हे अभ्यासलंय. साखळी आपटणाऱ्यापेक्षा हा माणूस मला फार वरचा वाटतो. पण मग असंही आहे की आयर्लंडच्या रोरी गॅलाघर या गिटारवादकाची १९६१ सालची गिटार आहे, ती त्याने आयुष्यभर वाजवली, तिचा रंग जवळजवळ सगळा निघून गेला, त्याच्या घामाने गेला असं म्हणतात. आणि कंपनी त्या गिटारीची हुबेहूब प्रत विकते, ज्या जागी त्याचा रंग गेला त्याच जागी नव्या गिटारीचा रंग घालवलेला. दुसऱ्या माणसाचा घाम विकत घेऊन खांद्याला लावायचा. त्या मुलाने त्यावर छान वाजवलं त्या दिवशी, डोळे मिटून. मी त्याच्या हाताकडे बघत होते, त्याचा हात त्या उडालेल्या रंगाच्या जरासा अलीकडे पडत होता.

आता जीन्स. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय आणि बोलताना त्रासही होतो.

डेनिमचा उभा धागा निळीत असा बुडवतात की तो बाहेरून निळा होतो आणि गाभा पांढरा राहतो. म्हणून घासलं की पांढरं दिसतं, गुडघ्यावर, मांडीला बसताना पडणाऱ्या वळ्यांवर, खिशात पाकीट असतं तिथे. हे व्हायला माणसाने ती पँट घालून कष्ट करावे लागतात, किंवा निदान चालावं-बसावं तरी लागतं. दुकानातल्या नव्या पँटवर ते आधीच असतं, कारण दुसऱ्या कुणीतरी ते केलेलं असतं. ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड घालून मोठ्या ड्रममध्ये पँटी घुसळायच्या, एन्झाइम घालायचं, सँडपेपरने हाताने मांडीवर वळ्या काढायच्या, आणि पोटॅशियम परमँगनेट फवारायचं. हो तेच, जे आपल्याकडे विहिरीत टाकायचे, भाजी धुवायला वापरायचे, जांभळ्या पाण्याचं. ते जांभळं फवारतात, ते कापडावर तपकिरी होतं आणि दुसऱ्या रसायनाने धुतलं की खाली पांढरं निघतं. फवारणाऱ्याच्या नाकातोंडात ते जायचं तेवढं जातंच. फाटलेला गुडघा म्हणजे ब्लेडने चीर देऊन उभे निळे धागे एकेक ओढून काढायचे आणि आडवे पांढरे ठेवायचे. बसून धागे उपटणारी माणसं असतात, दिवसभर. उल्हासनगरच्या धुलाई कारखान्यांचं रंगीत पाणी वालधुनी नदीत सोडल्याच्या तक्रारी कल्याणकडच्या माणसांना नव्या नाहीत.

आणि सँडब्लास्टिंग. कॉम्प्रेसरच्या जोराने वाळू मारायची, मिनिटभरात गुडघा पांढरा. तुर्कीत छोट्या छोट्या बंद खोल्यांमध्ये हे काम गावाकडून आलेली तरुण पोरं करायची, साध्या फडक्याने तोंड बांधून. वाळूत सिलिका असते, ती फुफ्फुसात जाते आणि तिथून निघत नाही. दोन हजारच्या दशकात तिथल्या डॉक्टरांकडे विशी-पंचविशीतली मुलं यायला लागली, त्यांना सिलिकोसिस होता, जो खाणकामगाराला सहसा वीस-पंचवीस वर्षं काम केल्यावर होतो. या मुलांना काहीच वर्षांत. त्याला औषध नाही. २००९ साली तुर्कीने डेनिमच्या सँडब्लास्टिंगवर बंदी घातली, पुढच्या वर्षी लिव्हाइस आणि एचअँडएमने आम्ही हे बंद करतो म्हणून जाहीर केलं, पण काम दुसऱ्या देशांत सरकलं, बांगलादेशात ते नंतरही चालू असल्याचं पाहण्यांमध्ये दिसून आलं. आता लेझर आलाय, संगणकावर वळ्यांचं डिझाइन काढलं की लेझर तेवढीच नीळ जाळून टाकतो, ते पुष्कळ बरं आहे. पण मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा श्वास अडकला होता. पँटला जे वय दहा वर्षांत आलं असतं ते मिनिटात आलं, आणि ते एका मुलाच्या फुफ्फुसातून काढून घेतलं होतं. वय कुठून तरी यावंच लागतं, फुकट येत नाही. २०१७ साली अमेरिकेत नॉर्डस्ट्रॉमने सव्वाचारशे डॉलरला चिखल लागलेली जीन्स विकायला ठेवली होती, चिखल म्हणजे न निघणारा लेप, राबणाऱ्या माणसाची पँट दिसावी असा. राबणाऱ्या माणसाच्या अंगावर खरं काय चिकटून राहतं ते त्या मुलांच्या एक्स-रेमध्ये आहे.

बाबांचा स्वभाव बोलायचा नाही, पण फाटक्या जीन्सकडे बघून ते मान फिरवतात. त्यांना राग येत नाही, त्यांना लाज आठवते. बहात्तरच्या दुष्काळात ते शाळेत होते, खाकी चड्डीला मागे दोन ठिगळं, आणि फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं की पाठ वर्गाकडे व्हायची. पुढे नोकरी लागल्यावरही शर्टाची कॉलर विरली की शिंप्याकडून उलटवून घ्यायचे, विरलेली बाजू आत, नवी बाजू बाहेर, आणि शर्ट आणखी तीन-चार वर्षं ऑफिसला चालायचा. पँटीला सिगारेटच्या ठिणगीने भोक पडलं तर रफूवाला, तो आतल्या शिवणीतला धागा काढून त्याच धाग्याने विणायचा, उजेडात धरलं तरी कळायचं नाही. कल्हई, रफू, उलटी कॉलर, खुर्चीला पुन्हा वेत विणून घेणं, हे सगळं कौशल्य एका पिढीने कशासाठी कमावलं तर वस्तू जुनी झालीय हे दिसू नये म्हणून. ते अंगवळणी पडलेल्या माणसाला फाडून घेतलेला गुडघा नुसता विचित्र वाटत नाही, त्याच्या कष्टाची कुणीतरी दखलच घेतली नाही असं वाटतं. मला ते समजतं. आणि फाटका गुडघा घालून कॉलेजला जाणाऱ्या पोरीला लाजेचा तो इतिहास माहीतच नाही, ती मोकळी आहे, तेही मला बरं वाटतं. दोन्ही एकदम वाटतं आणि त्याचं काय करायचं ते समजत नाही.

भाचा मात्र तिसरीच वाट धरून बसलाय. त्याने अहमदाबादलाच विणलेल्या डेनिमची, न धुतलेली, पुठ्ठ्यासारखी ताठ पँट घेतली, गडद निळी, एकही डाग नसलेली, आणि ती तो घालतोच आहे. सुरुवातीला निळीने सोफ्याची कव्हरं रंगली, ताईने फार आरडाओरडा केला, धुवायलाही फार देत नाही तो. आता त्या पँटवर त्याच्या स्कूटरवर बसण्याच्या वळ्या आहेत, उजव्या खिशावर मोबाइलची पांढरी चौकट आहे, डाव्या मांडीवर चावी असते तिथे टोकदार खूण आहे. सगळं त्याचं. मध्यंतरी गुडघा विरून फाटला तेव्हा त्याला मी माझ्या ओळखीच्या रफूवाल्याकडे घेऊन गेले, पेठेतल्या बोळात जिन्याखाली बसतात ते चाचा, चष्म्याला दोरी बांधलेली. भाचा म्हणाला, चाचा, लाल धाग्याने करा, दिसू दे. ते म्हणाले, दिसला तर रफू कसला, माझं नाव जाईल. भाच्याने त्यांना मोबाइलवर फोटो दाखवले, जपानकडची दुरुस्ती, मुद्दाम दिसेल असे टाके. त्यांनी फोटो मोठा करून करून बघितला आणि म्हणाले, टाके सरळ आहेत पण हात घाईचा आहे. मग बरीच घासाघीस झाली, पैशांवर नाही, धाग्यावर. शेवटी निळाच धागा ठरला, पण कापडापेक्षा एक छटा गडद. त्यांनी ते काम इतकं दाट आणि बारीक केलंय की तो गुडघा आता पँटमधला सगळ्यात मजबूत भाग आहे, जवळ गेलं तरच दिसतो. आता दुसरा गुडघा विरायला लागलाय. भाचा म्हणतो, या वेळी लालच. चाचांना मी सांगून ठेवलंय, ते म्हणाले, आणा तर खरं.